ध चा द

आनंदीबाईनं ध चा मा केला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, असं सांगतात. आमच्या घरात ध चा द झाला. त्यात जीव कुणाचा गेला नाही, पण आठ महिने गेले. आईच्या डोळ्यांतलं पाणी मी त्या आठ महिन्यांत जितकं पाहिलं तितकं बाबा गेले त्या आठवड्यातही पाहिलं नव्हतं. दुसरी भाषा सगळ्यांना सक्तीची असावी का, असं हल्ली विचारतात; त्याचं माझं उत्तर या गोष्टीतूनच येतं.

बेळगावजवळ वडगावच्या शिवारात आमची एक एकर बारा गुंठे भातजमीन. बाबा गेल्यावर आईचं नाव वारस म्हणून लावायचं होतं. आम्ही कागद गोळा केले आणि कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, पाहिली, आधार कार्ड पाहिलं आणि दोन्ही परत आमच्याकडे सरकवली. "नावं वेगळी आहेत," तो कन्नडमधून म्हणाला. आम्हाला काही कळेना. नावं वेगळी कशी असतील? बाबांना पंचक्रोशीत त्याच नावानं ओळखत होते.

शेवटी बाहेर झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरानं समजावून सांगितलं. बाबांचं नाव 'ध'नं सुरू होतं. कन्नडमध्ये द आणि ध जवळजवळ सारखेच लिहितात, फक्त ध च्या बुडाशी एक लहानशी उभी रेघ असते. तांदळाच्या कण्यांएवढी. हातानं लिहिलेले जमिनीचे कागद २००० च्या आसपास संगणकावर चढवले गेले, तेव्हा कुणीतरी बाबांचं नाव टाइप करताना ती रेघ दिली नव्हती. खेड्यातल्या बोलण्यात ध चा उच्चार बऱ्याचदा द असाच होतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला काही चुकलं असं वाटलंही नसेल. बाबांनी तो उतारा दरवर्षी काढला, सोसायटीचं पीककर्ज त्यावर घेतलं, घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला. पंधरा वर्षं स्वतःचं नाव चुकीचं लिहिलेला कागद त्यांनी जपून ठेवला, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता. मलाही येत नव्हता, आणि मी बी.कॉम. झालेली.

मग स्टॅम्प पेपर, नोटरी, दुरुस्तीचा अर्ज, दोन साक्षीदार, 'पुढच्या सोमवारी या'. आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं, आमच्या घरापासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात राहिलं, म्हणून माझ्या मामाचा सातबारा मराठीत आणि माझ्या बाबांची पहाणी कन्नडमध्ये. मामा त्याच्या कागदावर बोट ठेवून सांगू शकतो, हे माझं नाव, हे क्षेत्र, हा बोजा. आई तिच्या कागदाकडं नुसती बघत बसायची.

त्या आठ महिन्यांत मी ठरवलं की कन्नड वाचायला शिकायचं. वय तेव्हा एक्केचाळीस. इतकी वर्षं का शिकले नाही हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

मी १९८६ साली अकरा वर्षांची होते. त्या वर्षीच्या १ जूनला सीमाभागात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि नऊजणांचे प्राण गेले. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. दरवर्षी १ जूनला तिथं लोक जमतात, मीही जाते, यंदाही गेले होते. त्या जूनमध्ये आमची गल्ली दिवसाही सामसूम असायची. बाबा रात्री उशिरा यायचे आणि आई दाराची कडी काढताना आधी आवाज ओळखायची. बाकीच्या महाराष्ट्रातल्या माणसाला 'सक्ती' हा नुसता शब्द असेल. आमच्याकडं 'कन्नडसक्ती' असा जोडूनच म्हणतात, आणि तो म्हणताना माझ्या पिढीतल्या माणसाला अजून दाराची कडी आठवते.

त्यानंतर आमच्या घरात कन्नडचं पुस्तक दप्तरातून बाहेर यायचं ते फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री. बाबा म्हणायचे, पास होण्यापुरतं कर. मी तेवढंच केलं. धड्यांची उत्तरं अक्षरांची चित्रं पाठ करावीत तशी पाठ केली, पेपरात उतरवली, पस्तीस-चाळीस मार्क मिळवले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं विसरून गेले. वर्षानुवर्षं एक विषय सक्तीनं शिकून मला बसची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. बसच्या काचेवरचा नंबर बघायचा, नाहीतर कंडक्टर काय ओरडतोय ते ऐकायचं. बाबांना मी दोष देत नाही. जी भाषा पोलिसांची काठी घेऊन दाराशी येते तिला कुणी पाट मांडून बसवत नाही.

पण त्याच घरात आज्जी होती. आज्जीला मराठीही लिहिता येत नव्हतं आणि कन्नड तर ती पोपटासारखी बोलायची. आमच्या घरी हातमाग होते तेव्हा ती साड्यांचं गाठोडं घेऊन बैलहोंगलच्या, संपगावच्या बाजूला जायची. साडीचा काठ मांडीवर पसरून भाव सांगायची तो कन्नडमध्ये, आणि मनातल्या मनात हिशोब करायची तोही कन्नडमध्येच. घरी तांदूळ मोजतानासुद्धा तिच्या तोंडून 'वंदु, एरडु, मूरु' निघायचं. तिला कुणी सक्ती केली नव्हती. समोरची बाई कन्नड बोलायची आणि साडी विकायची होती, एवढंच. समोरच्या बायकाही थोडं मराठी बोलायच्या, कारण त्यांना साडी दोन रुपये कमी करून हवी असायची. दोघींना एकमेकींची गरज होती. घासाघीस दोन भाषांत चालायची आणि सौदा कुठल्या भाषेत ठरला हे कुणाच्या लक्षातही राहायचं नाही.

आमच्या बोलण्यातही ते सगळं मुरलेलं आहे. पुण्याची माणसं आम्हाला हसतात, 'काय करूलालास?' असं कसलं मराठी म्हणतात. कन्नड शिकायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या बाजूचा कन्नड माणूस 'एन माडाकत्ती?' असं विचारतो, आणि त्यात 'करायला लागलायस' अशीच जोडणी आहे. 'करू लागलास'चं 'करूलालास' झालं असावं, असा माझा अंदाज. भाषाशास्त्राचा माझा अभ्यास नाही, पण पहिल्यांदा हे कानाला जाणवलं तेव्हा मी गॅस बंद करून जागीच उभी राहिले. पन्नास-साठ वर्षं जी भाषा आम्ही दारात उभी करत नव्हतो ती आमच्या क्रियापदात घर करून बसली होती. अण्णा, अक्का, अडकित्ता हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. आणि श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही जुन्या मराठीतली ओळ आपण किती अभिमानानं सांगतो! तिथंच शेजारी तोच मजकूर कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेला आहे, हे मात्र आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. पुढच्या मराठी ओळीत गंगराजानं 'सुत्ताले' करवलं असं म्हटलंय, त्यातला सुत्ताले, म्हणजे मूर्तीभोवतीची ओवरी, हा शब्द कन्नड आहे. पाथरवटाला ती ओळ लिहून देणाऱ्याला तीन भाषा एका दगडावर बसवताना काही अडचण आली नसावी.

मला कन्नड शिकवलं ते शेजारच्या अक्कांनी. त्या धारवाडकडच्या, त्यांचे यजमान इथं नोकरीला आले आणि इथलेच झाले. मी पाटी-पेन्सिल घेऊन गेले नाही, बाबांची पहाणी घेऊन गेले. अक्कांनी चष्मा लावला, कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरला, शेंगदाण्याची ताटली बाजूला सारली आणि म्हणाल्या, "तंगी, इल्ली नोडु." इथं बघ. आणि माझं बोट धरून त्यांनी ते बाबांच्या नावावर ठेवलं.

पहिल्याच संध्याकाळी मी थक्क झाले. ज्या कागदाला मी आयुष्यभर घाबरले त्यातले निम्मे शब्द माझेच होते. खाते, हिस्सा, जमीन, गुंटे, एकरे, अर्जी, नकलु, तहसीलदार. हरकतीला 'तकरारु'. मयताच्या वारसाच्या नोंदीला 'पौती' म्हणतात, आणि कचेरीत तो शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. तो आपला फौती. फारशीतून दोघांनीही घेतलेला, एकानं फ ठेवला, एकानं प केला. कुणीतरी ती अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली असती तर आईला अर्धी पहाणी समजली असती. अडसर भाषेचा जितका होता त्याहून जास्त लिपीचा होता, आणि लिपी म्हणजे काय, अडीच-तीन महिन्यांचं काम. जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो, एकार-ओकार ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, एवढं अंगवळणी पडलं की पुढची वाट सरळ आहे.

बोलणं मात्र खोल निघालं. 'केळु' हे क्रियापद घ्या. केळु म्हणजे ऐकणं आणि केळु म्हणजे विचारणंही. मी अक्कांना विचारलं, मग कळतं कसं की माणूस ऐकतोय की विचारतोय? त्या म्हणाल्या, समोर बसलेल्याला कळतं.

आणि 'नावु'. मराठीत आम्ही वेगळं आणि आपण वेगळं. 'आम्ही जेवणार' म्हटलं की समोरच्यानं उठायचं, 'आपण जेवू' म्हटलं की पाट घ्यायचा. आजच्या कन्नडमध्ये दोन्हीला एकच नावु. तेलुगूत, तमिळमध्ये हा भेद आहे, कन्नडमधून मात्र गेलेला. मला हे इतकं अडचणीचं वाटलं की मी अक्कांशी भांडले. इथल्या भिंतींवर 'बेळगावि नम्मदु' असं लिहिलेलं असतं. मी लहानपणापासून त्याचा अर्थ 'बेळगाव आमचं आहे, तुमचं नाही' असाच घेतला. आमची घोषणाही तशीच आहे, 'बेळगाव आमच्या हक्काचं'. मी अक्कांना म्हटलं, भिंतीवर लिहिणाऱ्याच्या मनात 'आमचं'च आहे. त्यांनी ते नाकारलं नाही. भाकरी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या, त्याच्या मनात असेल, शब्दात नाही. नम्मदु म्हणजे आपलं पण होतं, वाचणारा कोण आहे त्यावर. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

शाळेत कन्नडला पहिलं स्थान मिळावं म्हणून झालेल्या गोकाक चळवळीत अक्कांचे थोरले भाऊ होते हेही मला तेव्हाच कळलं. १९८१ मध्ये गोकाक समितीचा अहवाल आला आणि १९८२ मध्ये राजकुमारांसारखा नट रस्त्यावर उतरला, त्याची दुसरी बाजू मला माहीतच नव्हती. मुलं प्रथम भाषा म्हणून संस्कृत घेऊन कन्नड टाळू शकत होती, आपल्याच राज्यात आपल्या भाषेला दारं बंद होतायत अशी कन्नड माणसांना भीती वाटत होती. आमच्या दारावर आलेली सक्ती त्यांच्या त्या भीतीतून निघाली होती. म्हणून ती बरोबर ठरत नाही. हिंडलग्याच्या दगडावरची नऊ नावं कुठल्याही कारणानं पुसली जात नाहीत, हे मी अक्कांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. पण दोन घाबरलेली घरं भिंतीला भिंत लावून राहत होती, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

आता मूळ प्रश्न. दुसरी भाषा सगळ्यांना सक्तीची असावी का? अशात हा प्रश्न सगळीकडं विचारला जातो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, लोक चिडले आणि जूनच्या शेवटी तो मागे घ्यावा लागला. तेव्हा पुण्याच्या मावसबहिणीनं फोन करून विचारलं, तुम्ही कसं सहन केलंत गं? मला तिचा राग आला नाही, पण रडू आलं. चाळीस वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं.

माझं उत्तर होय असं आहे. आणि ते मी १ जूनला हिंडलग्याला जाणारी बाई म्हणून देते आहे.

होय, पण सक्ती आधी खिडकीच्या आतल्या माणसावर. ज्याच्या हातात शिक्का आहे त्यानं समोर उभ्या असलेल्या माणसाची भाषा शिकावी. बाहेरचा माणूस उन्हात उभा असतो, त्याला गरज आहे, तो कसाबसा शिकतोच. आतल्याला शिकायचं काहीच कारण नसतं, म्हणून कायदा त्याच्यासाठी हवा. केंद्र सरकारनं १९५६ सालीच भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरवून दिलं होतं की जिथं पंधरा-वीस टक्के लोक दुसऱ्या भाषेचे आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. मराठीतून कागदपत्रं द्या ही आमच्याकडची मागणी त्यावरच उभी आहे, आणि ती मागणी करत आमची तिसरी पिढी म्हातारी होत चाललीय.

आणि सक्ती दोन्ही बाजूंनी हवी. कर्नाटकानं २०१५ मध्ये सगळ्या शाळांत कन्नड शिकवण्याचा कायदा केला. महाराष्ट्रानं २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठीचा केला. दोन्ही कायदे शेजारी ठेवले तर एकाच गिरणीतून आल्यासारखे दिसतात. माझ्या भावाचा मुलगा मराठी शाळेत कन्नड शिकतो. जत, अक्कलकोटकडं कन्नड शाळा आहेत, तिथली मुलं मराठी शिकतात. म्हणजे दोन्हीकडं शेजाऱ्याची भाषा कोण शिकतं, तर जो संख्येनं कमी आहे तो. बेळगावच्या कन्नड शाळेतल्या मुलाला मराठी शिक असं कुणी म्हणत नाही, जतमधल्या मराठी मुलाला कन्नड शिक असंही कुणी म्हणत नाही. एकट्यानंच शिकायचं म्हटलं की ते वाकणं वाटतं, आणि वाकायला लागलेलं पोर भाषा शिकत नाही, मार्क मिळवतं. हे मी माझ्यावरून सांगते.

फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे जेमतेम पाच टक्के आहेत. तिथं फिनिश मुलांना स्वीडिश शिकावी लागते आणि स्वीडिश मुलांना फिनिश. लोक कुरकुरतात, तिथंही 'सक्तीची स्वीडिश' असा शब्दच आहे, पण शिकावं दोघांना लागतं. आयर्लंडचं उलटं उदाहरण मला जास्त छळतं. तिथं स्वातंत्र्यापासून शंभर वर्षं शाळेत आयरिश सक्तीची आहे. १९७३ पर्यंत त्यात नापास झालं तर शेवटच्या वर्षाचं प्रमाणपत्रच मिळत नसे. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे बहात्तर हजार. बाकीच्यांची आयरिश माझ्या पस्तीस मार्कांच्या कन्नडसारखी असणार.

यात एक अट मी कधीही सोडणार नाही. पहिली भाषा पक्की हवी. राज्यघटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम घातलं ते याचसाठी, की अल्पसंख्याक मुलाला प्राथमिक शिक्षण त्याच्या मातृभाषेत मिळावं. मी कन्नड तीन महिन्यांत वाचायला लागले ते मला मराठी नीट वाचता येत होतं म्हणून. माझी पुतणी इंग्रजी शाळेत जाते. तिला मराठीही अडखळत वाचता येतं आणि कन्नडही. गल्लीतल्या कन्नड घरांतल्या मुलांचंही तेच चाललंय. आमच्या आणि अक्कांच्या घरांनी एकमेकांच्या भीतीनं दारं लावून घेतली, आणि दोन्हीकडची मुलं मागच्या दारानं कधीच निघून गेली.

आता मला जे लिहायचं होतं ते लिहिते. ते लिहिताना हात जड होतो.

मी स्वतः खिडकीच्या आत बसते. गेली पंचवीस वर्षं एका पतसंस्थेत काउंटरवर आहे. आमची संस्था मराठी माणसांनी काढलेली, पासबुक मराठी, फॉर्म मराठी, नोटिसा मराठी. त्याचा मला अभिमान होता आणि आहे. आठ महिने कचेरीच्या खिडकीबाहेर उभी राहून मी तळतळले, पण दुपारी त्याच पायांनी येऊन माझ्या खुर्चीवर बसत होते, आणि माझ्या खिडकीबाहेर कोण उभं आहे हे मला दिसत नव्हतं.

बैलहोंगलकडची एक म्हातारी, भावाच्या मुलाच्या कर्जाला जामीन राहिली होती. फॉर्म मीच पुढे केला होता. कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या, आम्ही तसंच करतो. तिनं कन्नडमध्ये सही केली, एकेक अक्षर दाबून, जीभ दातात धरून. भाच्यानं हप्ते थकवले. दोन वर्षांनी ती आली, कमरेच्या पिशवीतून चार घड्यांची नोटीस काढली आणि माझ्यापुढं धरून म्हणाली, "इदराग एन बरदैति, यव्वा?" यात काय लिहिलंय, बाळ?

मी सांगितलं. जामीनदार म्हणून तुमच्याकडून वसुली होणार.

ती गप्प झाली. मग तोच शब्द तिनं हळू म्हटला, जामीनदार. तिला तो माहीत होता. कन्नडमध्येही जामीनदारच म्हणतात, त्यांच्याकडं असल्या शब्दाला 'जामीनुदार' असा एक उकार चिकटतो इतकंच. मी सहीच्या दिवशी फॉर्मवरचा तो एक शब्द मोठ्यानं वाचला असता तर तिला कळलं असतं. मी वाचला नाही. गर्दी होती, शनिवारचा बाजार होता, मी पेन्सिलीनं फुली मारली होती. तिनं दुभती म्हैस विकून पैसे भरले. माझ्यावर चिडली नाही. पावती घेऊन गेली. पावतीही मराठीत.

त्यानंतर मी मॅनेजरसाहेबांकडं गेले. जामीनपत्राची कन्नड प्रत हवी म्हटलं. ते म्हणाले, संचालकांपुढं ठेवा. मीटिंगमध्ये एक ज्येष्ठ संचालक उठून म्हणाले, बाई, कचेऱ्यांतून मराठी हाकलली जात असताना आपल्याच संस्थेत कन्नड आणायची? त्यांचा भाऊ १९८६ मध्ये लाठ्या खाऊन आला होता, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बाबांच्या पहाणीची झेरॉक्स पर्समध्ये होती ती काढली, त्यांच्यापुढं ठेवली आणि त्या न काढलेल्या रेघेची गोष्ट सांगितली. मग म्हैशीची सांगितली. खोलीत कुणी बोललं नाही. ठराव झाला नाही, पण 'सोबत कन्नड प्रत जोडायला हरकत नाही' असं साहेबांनी शेवटी सांगितलं.

ती प्रत मी हातानं लिहिली. अक्कांनी चार ठिकाणी तांबड्या पेनानं दुरुस्त केली. 'अवधि' लिहिताना ध च्या बुडाशी रेघ द्यायला मी विसरले होते, ती त्यांनी दिली. आता प्रत्येक जामीनपत्राला ती स्टेपल करून असते, आणि मी फुल्या मारणं बंद केलंय. कागद हातात देते आणि वाचा म्हणते. वाचता येत नसेल तर मी वाचते, माझ्या मराठी वळणाच्या कन्नडमध्ये.

गेल्या शनिवारी एक बाई आली. पंचावन्न-साठची, मुलाच्या मित्राच्या कर्जाला जामीन राहायला. मुलाचा मित्र बाहेर मोटरसायकलवर बसून होता. मी प्रत दिली. तिनं कागद उलटा-सुलटा करून सरळ केला, ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागली. मागं रांग वाढत होती. एकानं घसा खाकरला. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर आलं, थांबलं, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं. "जा-मी-नु-दा-र," तिनं वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि ते काउंटरवर ठेवलं.

"मगन्न केळि बरतीन्री," ती म्हणाली.

मुलाला विचारून येते.